पान एकशे चौदा

तार्तूत, एमायोगीच्या पुलापाशी माझं दुकान.
पुठ्ठा, सरस, मेण लावलेला दोरा,
आणि वडिलांच्या मुठीत झिजलेलं एक दाभण.
मे उजाडला की विद्यापीठातून प्रबंध येतात,
काही तान्ह्या बाळासारखे छातीशी धरून,
एकदा तर मासळीच्या खोक्यातून.

एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही.
परवा एका सकाळीच आले:
गांडुळांची हिवाळी झोप,
पेइप्सी तळ्याकाठी कांदे लावणाऱ्या विधवांची पेन्शन,
आणि दोनशे पानं नुसती समीकरणं.
त्यात मला कळलेला एकच शब्द, 'म्हणून'.
तो मात्र पानोपानी.

वडील सांगायचे, बांधणाऱ्यानं वाचू नये,
वाचलं की हात थांबतो.
मी वाचत नाही. फक्त ऋणनिर्देश.
कोणी तळघरातल्या यंत्राचे आभार मानतो, नावानिशी.
कोणी त्या बासष्ट माणसांचे,
जी तिच्याशी ठरलेल्या मोबदल्यात
प्रामाणिकपणे खोटं बोलली.
कोणी आईचे, जिनं सहा वर्षं
'संपलं का?' एवढंच विचारलं
आणि सातव्या वर्षी विचारलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका रात्री वीज गेली.
मेजावर दोन गठ्ठे होते.
ताम्बेत ओयासूचा, दलदलीतल्या शेवाळाचा.
केर्ली वारिकचा, घटस्फोटितांच्या मुलांचा:
आईकडून बाबांकडे जाताना
मुलं पिशवीत काय काय नेतात.
अंधारात धक्का लागला, पानं जमिनीवर.
मेणबत्ती लावून मी गोळा केली, आकडे जुळवले,
शिवली.

दोन वर्षांनी केर्ली दारात उभी,
ओला कोट, काखेत प्रबंध.
"माझ्या एकशे चौदाव्या पानावर शेवाळ आहे."
मी चष्मा शोधला. होतं खरं.
लिहिलं होतं, शेवाळाच्या मेलेल्या पेशी
जिवंतांसाठी पाणी धरून ठेवतात.
"तीन परीक्षकांनी वाचलं," ती म्हणाली,
"एकानं समासात बरोबरची खूण केली आहे."
मग ती हसली, आणि हसताना
तिचा आवाज थोडा फाटला.

तिचं पान अर्थात ताम्बेतच्या प्रतीत.
फोन केला. तो उत्तरेला कुठेतरी
गुडघाभर चिखलात उभा, वारा ऐकू येत होता.
म्हणाला, माहीत आहे.
"एकशे तेरावं पान संपतं,
'शेवाळ धरलेलं सहज सोडत नाही'
आणि पुढचं सुरू होतं,
'म्हणून ती दात घासायचा ब्रश मोज्यात लपवून नेते,
दोन्ही घरांत तेवढीच तिची वस्तू.'
मला वाटलं, मीच लिहिलं असेल,
एखाद्या वाईट रात्री.
राहू दे."

केर्लीला मात्र राहू द्यायचं नव्हतं.
पान तिचं, मुलगी तिची, आठवड्यांच्या भेटींनी
मिळवलेला तो मोजा तिचा.
"मला माझंच हवं," ती म्हणाली, आणि बरोबरच होतं.
मी टाके उसवले. नवं पान शिवलं.
पैसे घेतले नाहीत. तिनं तरी ठेवले,
वजनाखाली, सुटे.

निघालेलं शेवाळाचं पान माझ्या खणात आहे,
सुया, बटणं आणि
एका मेलेल्या घड्याळाच्या शेजारी.
त्याच्या कडेला चार भोकं.

आता या वर्षीचे गठ्ठे आलेत.
पुलाच्या गंजावर एक.
अंगाईत झोपेला कोणकोणती नावं, त्यावर एक.
तिसऱ्याचं शीर्षकच मला म्हणता येत नाही,
पण पोरानं खाली उभं राहून
पुठ्ठ्याचा रंग निवडायला पाऊण तास घेतला
आणि शेवटी राखाडीच घेतला.

शिवण्याआधी बोटानं पानं मोजतो, दिवा मोठा करून.
शंभरीपर्यंत भराभर.
पुढे जरा हळू.